वाट्याला आलेला पंख

माझ्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन माझ्या सख्ख्या भावाच्या उंबरठ्यावर पडली, भर दुपारी, मी चपला बाहेर काढून त्याच्या दारात उभी असताना. कुणी विचारलं तर यंत्रात गेली म्हणून सांगते. ते अगदीच खोटं नाही, एका यंत्रापायीच गेली.

यंत्राचं नाव श्वासपेटी. दिसायला ट्रान्झिस्टरएवढी, आणि तिची देखभाल करणं ही माझी नोकरी. कुठलाही जीव हवेत स्वतःचं काहीतरी सांडत असतो. कातडीचा कोंडा, पिसांची भुकटी, शिंकेतले थेंब. त्या प्रत्येकात त्याचा डीएनए असतो. पेटी दिवसभर हवा ओढते, गाळणीवर अडकलेलं धुऊन वाचते आणि दुपारी बाराला सांगते की आज इथे कोण कोण होतं. रानातल्या दमट हवेत हे धागे दोन-तीन दिवसांत तुटतात, त्यामुळे जे सापडलं ते ताजं आणि जे ताजं ते जिवंत, असं धरायचं.

पेटी जात ओळखते, जीव ओळखत नाही. पक्षी एक आहे की दहा हे तिला कळत नाही. ते गणित कार्यालयातला संगणक करतो. एक पक्षी एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून एकाच तासात जितक्या पेट्यांना तो सापडला तितके तर आहेतच, आणि ते एकाहून जास्त असले की न सापडलेले म्हणून आणखी काही पट वर धरायचे. आणि माणसाचे धागे दिसले की पेटी ते वाचताक्षणी पुसून टाकते. खासगीपणाचा कायदा आहे तसा. वाघापासून वाळवीपर्यंत सगळ्यांची हजेरी लागते, माणूस सोडून.

पूर्वी कुठला पक्षी संकटात आहे हे ठरवायला तज्ज्ञ वर्षानुवर्षं बसत. दोन हजार अडतीसपासून चालती सूची आली आणि ते काम बाराच्या आकड्यावर गेलं. आकडा पन्नासच्या खाली गेला की जात ‘अतिसंकटग्रस्त’. तिचं रान बंद, आतली वस्ती नव्वद दिवसांत बाहेर. अडीचशेच्या वर गेला की ‘निर्धोक’, बंदी उठली. सलग तीस दिवस शून्य आलं की ‘नष्ट’; तरी बंदी उठली. म्हणजे भरपूर असाल तर रान मोकळं आणि मुळीच नसाल तरी रान मोकळं. मधल्या मध्ये तडफडत असाल तेवढ्यापुरतं संरक्षण. ज्याने कोणी हा नियम लिहिला त्याला एकदा आमच्या गावात आणून उभा करायला हवा होता.

गाव खडपणे. दोडामार्गाच्या पलीकडे, एक्केचाळीस घरं, सातेरीचं देऊळ, मागे डोंगर, आणि डोंगरावर असं दाट रान की दुपारीसुद्धा खाली ऊन पोचत नसे. मी शाळेत असतानाच आईवडील गेले. मला वाढवलं ते दत्तारामदादाने. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःचं लग्न पाच वर्षं लांबवलं, आणि माझं मी पुढे केलंच नाही. त्याचं घर हेच माझं सगळं. सूचीत नोकरी लागली तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले होते.

आमच्या रानात एक पक्षी होता. पुस्तकात त्याला काळकंठी माशीमार म्हणतात, गावात माशीखाव. बारा ग्रॅमचा जीव. अंग गडद निळं, गळा काळा. त्याची एक खोड अशी, की तो आपल्या ठरलेल्या बुटक्या फांदीवर बसतो, माशी दिसली की झेप घेतो आणि परत त्याच फांदीवर येऊन बसतो. दिवसातून पाचशे वेळा गेला तरी पाचशे वेळा तिथेच. उन्हाळे वाढले, माश्या वेळेआधी निपजून मरायला लागल्या आणि पिल्लं उपाशी राहू लागली. मी पाहणीसाठी एकेका पक्ष्याची फांदी शोधून तिला पिवळी फीत बांधली होती. दादाकडे जेवताना हे सगळं कौतुकाने सांगितलंही होतं. किती वेडा पक्षी, म्हणून आम्ही हसलो होतो.

जानेवारीत आकडा तेवीसवर आला. चौथ्या दिवशी गावाला नोटीस आली, नव्वद दिवसांची.

गावाला विश्वासात घ्यायचं म्हणून सूचीने आधीच घराघरांच्या वळचणीला एकेक पेटी बसवली होती. त्या दिवशी लोकांनी पाच पेट्या फोडल्या. मी नव्या बसवल्या, तेव्हा माझ्यावर शेण फेकलं. फेकणाऱ्यांत माझी वर्गमैत्रीण होती. मला राग आला, पण त्यांचं चुकलं असं काही मला वाटेना. पाखरासाठी माणसं उठवायची आणि ती कुठे जाणार याचा आकडा कुठल्याच पेटीत नाही, तर माणूस शेणच फेकणार.

दादाने मात्र शेण फेकलं नाही. फक्त एकदा, माझ्या पुढ्यात ताट सरकवताना त्याने विचारलं, की एकसुद्धा उरला नाही तर किती दिवसांनी बंदी उठते. तीस, मी म्हटलं. तो मान हलवून जेवत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल.

शिमग्यात आमच्याकडे गावाची पारध असते. सगळे पुरुष सोटे, कोयते घेऊन रानात शिरतात आणि जे मिळेल ते सातेरीपुढे ठेवून त्याचे वाटे करतात. रानडुक्कर असो की ससा, एक्केचाळीस घरांना वाटा गेलाच पाहिजे. विधवेच्या घरी जातो, भांडण असलेल्या घरीही जातो. मांसाबरोबर शिकारीची काहीतरी खूणही मिळते, केस, काटा, खूर, आणि ती दाराच्या चौकटीवर लावायची. पुढच्या शिमग्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. वाटा नाकारला तर ते घर गावातून तुटलं.

त्या वर्षी पारध ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी निघाली आणि मला कुणी सांगितलं नाही. ढोल ऐकून मी वर धावले. पहिल्याच पिवळ्या फितीपाशी थांबले. फांदीवर फणसाचा चीक थापला होता आणि त्यात निळ्या पिसांचा पुंजका अडकला होता. पुढची फीत, पुढचा चीक. पक्षी परत त्याच फांदीवर येऊन बसत होते. चिकात पाय रुतले की पंख फडफडत, आणि फडफडले की पंखही चिकटत. मग कुणीतरी सावकाश येऊन बोटांनी मान पिळत होता. त्यासाठी चाळीस माणसं, ढोल आणि सोटे. आणि वाट दाखवायला माझ्या फिती.

ओढ्याजवळ वनरक्षक नारायण आईर आडवे आले होते. अठ्ठावन्न वर्षांचे, दोन वर्षांत निवृत्त होणारे, हातात फक्त वेताची काठी. रानात माझ्या वाटेवर ते ताकाची बाटली ठेवून जात आणि वर दगड ठेवत, माकडांनी नेऊ नये म्हणून. त्यांनी कुणाच्या तरी हातातली पिशवी ओढली. पिशवीत सहा पक्षी होते. ओढाताणीत पिशवी फाटली, पक्षी ओढ्यात पडले. एक अजून जिवंत होता, पाण्यात गरगरत होता. आईर त्याच्यासाठी वाकले आणि पहिला सोटा त्यांच्या पाठीत बसला.

तो दादाचा होता. मी झाडाआड होते, वीस पावलांवर, आणि मी बघितलं. दुसराही त्याचाच, मानेवर. नंतर इतरांचे पाय. डोकं दगडावर आपटल्याचा आवाज आला, तरी लाथा थांबल्या नाहीत. ते ओरडत नव्हते. मारणारेही ओरडत नव्हते, आणि ढोल मात्र चालूच होता. ओढ्याचं पाणी खाली पांढऱ्या गोट्यांवरून लाल होऊन गेलं. मी ओरडले नाही, पुढे गेले नाही. झाडाची साल धरून उभी राहिले.

संध्याकाळी दादा माझ्या दारात आला. आंघोळ केली होती तरी नखांत रक्त होतं. त्याने माझे पाय धरले. मोठा भाऊ पाय धरतो तेव्हा काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला मी पुढचं सांगायला नको. पोलिसांना मी सांगितलं की आईर शेवाळावरून घसरून पडले आणि गेले, मी लांबून पाहिलं. त्यांनी ओढ्याजवळच्या पेटीची नोंद मागितली. तिच्यात बेडूक, खेकडे, माशीमार, वानर. माणूस एकही नाही.

बावीस पक्षी मारले होते. मांस म्हणाल तर दाताला लागणार नाही. पण रीत ती रीत. बावीस पक्ष्यांचे चव्वेचाळीस पंख. एकेक पंख एकेका घराला, उरलेले तीन देवळाला. सगळ्यांनी तो फणसाच्या चिकाने चौकटीवर चिकटवला. पेटीपासून दोन हातांवर.

मग गाव तीस दिवस मोजायला बसलं. मीही बसले.

शून्य आलंच नाही. तिसऱ्या दिवशी आकडा एकशे चाळीस, आठव्या दिवशी तीनशे दहा. सूचीच्या कार्यालयातून वैदेही खरे बाईंचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मी फोन कानापासून लांब धरला. पक्षी वस्तीत शिरलाय, त्या म्हणाल्या, माणसाजवळ राहायला शिकलाय, असं जगात फार क्वचित होतं, तुमचं अभिनंदन. जात ‘निर्धोक’ ठरली. नोटीस रद्द झाली. गावात फटाके वाजले, देवळात नारळ फुटले, आणि माझ्यावर शेण टाकणारी मैत्रीण गुळपोळी घेऊन आली. देवीने राखलं, ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. डोंगरातल्या बॉक्साइटची खाण त्या पक्ष्यामुळेच अडली होती, ती मोकळी झाली. गाव राहणार, वरचं रान जाणार. मी वर गेले तेव्हा पहिली यंत्रं चढली होती. दीडशे वर्षांचं एक जांभळाचं झाड अर्ध्या मिनिटात मुळासकट उन्मळून पडताना मी पाहिलं. त्याच्या ढोलीतल्या घुबडाच्या पिल्लावर लोखंडी पट्टा गेला. चालकाला दिसलंसुद्धा नसेल.

आणि त्याच दिवशी, खालच्या घळीत, मी तो ऐकला. तीन सूर वर, एक खाली, माशीखावाची शीळ. तेविसावा. फीत न बांधलेल्या एका फांदीवर बसून तो माशी धरत होता आणि परत येत होता.

गाळणी बदलायला मी मैत्रिणीच्या घरी गेले तेव्हा तिच्या पंख्याचा वारा दारातून बाहेर येत होता आणि चौकटीवरचा निळा पंख थरथरत होता. कोरड्या दारात, चुलीच्या उबेत, पिसांची भुकटी रोज थोडी थोडी उडत होती आणि पेटी ती रोज ताजी म्हणून मोजत होती. एका वेळी एक्केचाळीस ठिकाणी. मी तिथेच पायरीवर बसले. आम्ही बावीस जीव मारून इमानदारीने सारखे वाटले, म्हणून त्यांचे तीनशे झाले होते. एखाद्या हावऱ्या गावाने सगळे एकट्याने गिळले असते तर पेटी फसली नसती.

हे कार्यालयाला कळवलं असतं तर चौकशीला महिना गेला असता आणि रान आठवड्यात गेलं असतं. पंख काढले तर आकडा दोन-तीन दिवसांत पडणार होता. एकावर. एक म्हणजे अतिसंकटग्रस्त, यंत्रं खाली, रान बंद. आणि नव्वद दिवसांत गाव बाहेर, दादा बाहेर, ज्या घरात मला भात भरवला गेला त्याचं दार कायमचं बंद. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. कुणी मला फसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, आठवडा बाजार. गाव रिकामं होतं. मी देवळापासून सुरुवात केली आणि घरामागून घर करत गेले. पंख खरवडायचा, बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाकायचा, चौकट ब्लीचने पुसायची. कुत्री भुंकत मागे येत होती. दुपारी एक वाजेपर्यंत चाळीस घरं झाली. शेवटचं दादाचं. माझे पाय आपोआप तिथे शेवटी गेले होते.

दादा बाजाराला गेला नव्हता. दारात नारळ सोलत बसला होता, मांडीजवळ कोयता. माझ्या हातातली बाटली त्याने बघितली आणि तो उठला. पेटीचं गणित त्याला मी कधीच सांगितलेलं नव्हतं, पण माझा भाऊ आहे तो, डोकं माझ्यापेक्षा तेज.

“प्रणू, हात लावू नको. देवीचो वाटो हा तो.”

“एक उरलो हा, दादा. घळीत. मी ऐकलंय.”

“आणि आमी? आमी किती उरलंव ता कोण मोजता?”

  मी चपला काढल्या, उंबरठ्यावर चढले आणि चौकटीला उजवा हात लावला. त्याने दोनदा सांगितलं, हात काढ. मी म्हटलं, “आईरांका मारलंस तेव्हा मी गप ऱ्हवलंय. आता नाय ऱ्हवणार.”

कोयता त्याने माझ्यावर उगारला की चौकटीवर, हे मी कोर्टातही सांगू शकले नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडावरच राहिली आणि मग खाली पडली. आधी दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. रक्त चौकटीवरून, पंखावरून, माझ्या कोपरावरून ओघळत होतं. दादाने कोयता टाकला आणि तो लहान मुलासारखा हुंदका देऊन माझा हात आपल्या धोतरात गुंडाळू लागला. गुंडाळता गुंडाळता त्याने वर बघितलं, तो रक्ताने भिजलेला पंख ओढून काढला आणि मुठीत घट्ट धरला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मी पोलिसांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. ओढा, सोटा, पहिला फटका कुणाचा, दुसरा कुणाचा. आणि माझी खोटी जबानीसुद्धा. शपथेवर बोलले नव्हते म्हणून माझी ताकीद देऊन सुटका झाली. दादाला जन्मठेप झाली. इतर सहा जणांना सात-सात वर्षं. पारधीच्या शिक्षा वेगळ्या. निकाल ऐकताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

त्याआधीच आकडा एकावर आला होता. यंत्रं उतरली. जून संपायच्या आत खडपणे रिकामं झालं. टेम्पोत भांडी चढवताना मैत्रीण माझ्या अंगावर थुंकली, आणि मी ते पुसलं नाही. घराघरांतल्या पेट्या काढून मी रानात लावल्या.

तो एक माशीखाव दोन वर्षं जगला. एकटा नर, मादीसाठी गात राहिला. मादी नव्हती. जात म्हणून तो केव्हाच संपलेला होता, पण सूचीत जोवर एक तोवर रान बंद, म्हणून बारा ग्रॅमचा तो पक्षी अख्खा डोंगर धरून बसला होता. मी रोज बाराला आकडा बघत असे, मगच जेवत असे. गेल्या मार्चच्या चार तारखेला शून्य आलं.

सहाव्या दिवशी तो मला सापडला. ठरलेल्या फांदीखाली, मुंग्यांनी पोखरलेला, बोटभर मऊ चिखल आणि दोन पिसं. तीही हातात घेताच विरघळली. मी त्याला तिथेच पुरलं. घळीच्या वर, खाणीच्या जुन्या खुणांपाशी, कंपनीची माणसं दिवस मोजत उभी राहू लागली.

सव्विसाव्या दिवशी मी तुरुंगात दादाला भेटायला गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं भेटणार नाही. तो आला. केस पूर्ण पांढरे, समोरचे दोन दात कुणीतरी पाडलेले. जाळीपलीकडे बसला. मग माझ्याआधी त्यानेच विचारलं.

“माशीखाव आसा मा?”

मी मान हलवली. मेलो, म्हटलं. आता चार दिवस, मग रान जाणार.

तो जाळीतून माझ्या तीन बोटांकडे बघत राहिला. आईरांका ओढ्यात मारलंय मी, तो म्हणाला, रोज दिसता.  मग तो पुढे वाकला, आणि अगदी व्यवहाराचं काही सांगावं तसं म्हणाला, “घराच्या मागच्या तुळशीच्या कोनाड्यात माझी तंबाखूची डबी आसा. पोलीस येवच्या आधी ठेवलंय. वाटेत उघडू नको.”

खडपण्याची घरं आता पावसाने बसली आहेत. दादाच्या घराची नुसती चौकट उभी होती, तिच्यावर माझ्या हाताचा काळा डाग. तुळस वाळून गेली होती. कोनाड्यातल्या डबीला गंज चढलेला, पण झाकण घट्ट होतं. ती मी छातीशी धरून घळीत नेली, सतराव्या नंबरच्या पेटीसमोर बसले आणि झाकण उघडलं.

एक्केचाळिसावा पंख. कडेला अजून निळा, मधे रक्त वाळून काळा ठिक्कर. मी तो तीन बोटांच्या चिमटीत धरला आणि पेटीच्या जाळीसमोर हलकेच झटकला. थोडी भुकटी उन्हाच्या तिरपीत उडाली. मग डबी बंद करून मी घरी आले आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला आकडा आला. एक. कंपनीची माणसं संध्याकाळपर्यंत निघून गेली.

हे मी दर वीस दिवसांनी करते. पंख किती वर्षं पुरेल माहीत नाही. खरे बाईंना तो पक्षी फार चिवट वाटतो. पंखावर माझंही रक्त आहे, पक्ष्याच्या रक्ताहून जास्तच, आणि दर वेळी त्याची थोडी भुकटी पेटीत जात असणार. त्याबद्दल पेटीने आजवर काही म्हटलेलं नाही.